सत्तर हजारांच्या आधी भावाचा जुना लॅपटॉप

ताई,

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात केन अकाउंट्सला (उसाच्या हिशेब विभागात) कंत्राटावर डेटा एंट्री करते. बीसीए होऊन आठ वर्षं झाली, वय २९, मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या हंगामात एका रात्री सर्व्हर बंद पडला. काट्यावर वजनाची पावती निघेना, ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग गेटबाहेर गेली, सगळे ओरडायला लागले. शेवटी पुण्याहून इंजिनिअरने तिथूनच कनेक्ट केलं, काळ्या स्क्रीनवर पाच-सहा ओळी टाईप केल्या आणि काटा सुरू झाला. मी शेजारी उभी राहून बघत होते. तेव्हापासून हे काम शिकायचं डोक्यात बसलंय. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांचे ७० हजार मागतोय, 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात. मैत्रीण म्हणते सर्व्हर जुनं झालं, थेट क्लाऊड शिक. दीर म्हणतात आता सगळं एआयच करणार. घरी भावाचा जुना लॅपटॉप पडून आहे, ४ जीबी रॅमचा, विंडोज उघडेपर्यंत चहा होतो. इंग्रजी बेताचं आहे. सुरुवात कुठून करू? लिनक्स की विंडोज? की हा नाद सोडून देऊ?

— नाव छापू नये


सत्तर हजार आत्ता भरू नका.

सगळे क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही, चांगले शिकवणारे मला माहीत आहेत. पण तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथून क्लासला गेलात, तर सुरुवातीचे दोन महिने जे शिकवतील ते घरी फुकटात होण्यासारखं असतं. आणि शेवटी जे शिकवतील ते पचायला आधी हात बसलेला लागतो, तो तेव्हा बसलेला नसतो. मधल्या मध्ये पैसे जातात. 'शंभर टक्के प्लेसमेंट' या शब्दांवर तर एक रुपयाही देऊ नका. ती हमी लेखी मागा, कोणत्या कामाची, किती पगाराची, न मिळाल्यास किती पैसे परत, हे विचारा. उत्तरात लगेच फरक जाणवेल.

नाद सोडायचा प्रश्नच येत नाही. सगळे ओरडत असताना तुम्ही स्क्रीनकडे बघत होतात, आणि इंजिनिअरने साधारण किती ओळी टाईप केल्या ते तुमच्या लक्षात राहिलं. या कामाला लागणारी मुख्य गोष्ट तीच आहे. त्या इंजिनिअरला कमांड पाठ होत्या म्हणून काटा सुरू झाला, असं तुम्हाला वाटलं असेल. खरं म्हणजे टाईप केलेल्या ओळींपैकी बहुतेक नुसत्या विचारणा करणाऱ्या असणार: डिस्क किती भरली, कोणती सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) पडली, लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, शेवटी काय लिहिलंय. दुरुस्तीची ओळ त्यात एखादीच. यंत्र काय सांगतंय ते वाचता येणं हे या कामाचं मूळ आहे, आणि सुरुवात तिथूनच करायची.

आता लॅपटॉप. तुम्ही ज्याला अडगळ समजताय तो शिकण्यासाठी उत्तम सर्व्हर आहे. विंडोजला ४ जीबी पुरत नाही, पण सर्व्हरवर खिडक्या, चित्रं, ब्राउझर यातलं काहीच चालवायचं नसतं. लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचे बरेच प्रकार आहेत. त्यातलं डेबियन नावाचं लिनक्स डेस्कटॉपशिवाय टाकलं तर ते काहीशे एमबीत उभं राहतं, ४ जीबीत ऐसपैस चालतं. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात, पैसे लागत नाहीत, आणि उबुंटू हे दुसरं लिनक्स त्याच्याच पायावर बांधलेलं आहे. आवृत्ती १३ घ्या, ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. लॅपटॉपची बॅटरी अजून अर्धा तास जरी धरत असेल तर वीज गेल्यावर यूपीएसचं काम तीच करेल. सर्व्हररूममध्ये त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

भावाला विचारून त्यातले फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या, कारण इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाईल. डेबियनची नेटइन्स्ट ही इन्स्टॉल करायची फाइल एक जीबीपेक्षा लहान आहे. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून बूट करा. दोन ठिकाणी थांबून नीट वाचायचं. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड विचारतो तिथे काहीच न लिहिता पुढे गेलात, तर तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्याला 'सुडो'चा, म्हणजे गरजेपुरतं रूट म्हणून काम करायचा, अधिकार मिळतो. तेच करा. रूटने सारखं लॉगिन करायची सवय पहिल्यापासूनच नको. दुसरं ठिकाण शेवटी येतं, सॉफ्टवेअर निवडायची यादी. तिथे डेस्कटॉपसमोरच्या खुणा काढा, 'एसएसएच सर्व्हर' (लांबून सुरक्षितपणे जोडता यावं म्हणून) आणि 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' या दोनच ठेवा. मशीन सुरू झाल्यावर काळी स्क्रीन आणि लॉगिनची एक ओळ दिसेल. त्या रात्री कारखान्यात दिसली तसलीच.

(कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टर्मिनलवर, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनवर, ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाईप करा, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन. लिनक्सला छोटं अक्षर आणि मोठं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.)

पहिला धडा लॅपटॉप स्वतःच देईल. झाकण मिटलंत की तो झोपेल आणि तुमचा सर्व्हर गायब होईल. त्याचं उत्तर सिस्टिमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या 'लॉगिंड डॉट कॉन्फ' या फाइलमध्ये आहे. त्यात 'हँडल लिड स्विच' अशी एक ओळ आहे, तिच्यापुढे हॅशचं चिन्ह आहे, म्हणजे ती सध्या नुसती टीप म्हणून पडली आहे. हॅश काढा, बरोबरच्या चिन्हापुढे 'इग्नोर' लिहा, मशीन रीस्टार्ट करा, झाकण मिटून बघा. फाइल शोधायची, आधी तिची प्रत ठेवायची, एकच ओळ बदलायची, बदल लागू करायचा, लागू झाला का ते तपासायचं. पुढे लाखो रुपयांच्या मशीनवर काम कराल तेव्हाही क्रम हाच राहील.

एक वही करा, कागदाची. तारीख, काय बदललं, कोणत्या फाइलमध्ये, का, आणि उलटं करायचं असेल तर कसं, एवढंच. केन अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या बाईला नोंदींचं महत्त्व मी काय सांगणार. आमच्या क्षेत्रात मात्र भल्याभल्यांना ही सवय नसते, आणि तीन महिन्यांनी 'हे कुणी बदललं' म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

नंतर मोबाइलवर टर्मक्स नावाचं टर्मिनलचं ॲप टाका, त्यात एसएसएचने जोडणारं ओपनएसएसएच बसवा आणि घरच्या वायफायवरून लॅपटॉपला जोडून बघा. मशीनचा पत्ता 'आयपी ए' ही कमांड सांगेल. लॅपटॉप कपाटावर, तुम्ही स्वयंपाकघरात, आणि तरी त्याच्याशी बोलता येतंय, हे एकदा अनुभवलंत की पुण्याहून काटा कसा सुरू झाला त्यातलं गूढ संपेल.

आता इंग्रजीबद्दल. इथे कादंबरी वाचायची नसते. यंत्राचे संदेश ठरावीक असतात आणि पुन्हापुन्हा तेच येतात. 'परमिशन डिनाइड', 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', असे वीस-पंचवीस नीट कळले की रोजचं बरंच काम भागतं. पण ते नीटच कळायला हवेत, कारण प्रत्येक संदेश शोध कुठे घ्यायचा ते सांगत असतो.

दोन संदेश घेऊ. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आऊट'. दोन्हींचा अर्थ 'जोडलं गेलं नाही' एवढाच घेणारे लोक नोकरीतसुद्धा भेटतात. रिफ्यूज्ड म्हणजे तुमची विचारणा बहुधा त्या मशीनपर्यंत पोचली, मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर (सर्व्हिसच्या ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) ऐकायला कुणी बसलेलं नाही, म्हणून तिने ताबडतोब नकार कळवला. म्हणजे सर्व्हिस पडली असेल किंवा वेगळ्या पोर्टवर असेल. टाइम्ड आऊटमध्ये उत्तरच येत नाही. मध्ये कुठेतरी फायरवॉल (ये-जा अडवणारं सॉफ्टवेअर) विचारणा गिळून टाकतंय, पत्ता चुकलाय, किंवा वाट तुटली आहे. पहिल्या प्रकारात मशीनच्या आत बघायचं, दुसऱ्यात वाटेवर. काट्याचा कॉम्प्युटर सर्व्हरला जोडला जात नसेल तर या दोन शब्दांवरून अर्धा तास वाचतो.

हे घरी करून बघा. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवरून एसएसएच सर्व्हिस बंद करा आणि मोबाइलवरून जोडायचा प्रयत्न करा. लगेच रिफ्यूज्ड येईल. मग सर्व्हिस सुरू करा, यूएफडब्ल्यू नावाचं साधं फायरवॉल बसवून सुरू करा, एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट उघडू नका, आणि पुन्हा जोडा. आता मोबाइल नुसता थांबून राहील, बऱ्याच वेळाने टाइम्ड आऊट म्हणेल. एकदा स्वतः घडवून पाहिलेला संदेश पुन्हा पाठ करावा लागत नाही. मात्र हे प्रयोग लॅपटॉपसमोर बसूनच करा. लांबून जोडलेलं असताना फायरवॉल चुकवलंत तर स्वतःच बाहेर अडकाल.

मुळाक्षरांसाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. लिनक्सचे त्यांचे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत, फुकट आहेत, आणि बघता बघता स्वतः करायचं अशाच पद्धतीने बनवलेले आहेत. काही जुने झालेत, स्क्रीन वेगळी दिसेल, पण फाइल, फोल्डर, परवानग्या, पाइप (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणं) या गोष्टी दहा वर्षांत बदललेल्या नाहीत. त्यानंतर मशीनमध्येच असलेली 'मॅन' पानं, म्हणजे प्रत्येक कमांडची माहिती. सुरुवातीला रुक्ष वाटतील. रोज एकाच कमांडचं पान उघडा आणि कमांडपुढच्या ज्या खुणा तुम्ही वापरल्या तेवढ्यांचाच अर्थ वाचा.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवते, कारण तुमच्या कारखान्यात त्या रात्री काय झालं मला माहीत नाही, पण रात्री अचानक बंद पडणाऱ्या सर्व्हरमध्ये हे कारण फार वेळा निघतं: डिस्क भरणे.

'डीएफ -एच' दिलं की प्रत्येक पार्टिशन (डिस्कचा भाग) किती भरलंय ते दिसतं. समजा, मुख्य पार्टिशन १०० टक्के. डेटाबेसला लिहायला जागा नाही, म्हणून तो थांबला, म्हणून पावती नाही. नवशिका माणूस 'डीयू' या आकार मोजणाऱ्या कमांडने शोधतो, एक अवाढव्य लॉग फाइल सापडते, तो 'आरएम'ने ती उडवतो आणि पुन्हा डीएफ बघतो. अजूनही १०० टक्के. फाइल तर गेली, मग जागा कुठे गेली? इथे बरेच जण घाबरून मशीन रीस्टार्ट करतात, आणि जागा मोकळी होते, पण का झाली ते कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी परत तेच.

कारण असं. लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइलमधला मजकूर या वेगळ्या गोष्टी आहेत. आरएमने नाव जातं. पण एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच राहतो. डीयू नावं मोजत फिरतं, त्याला ती दिसत नाही. डीएफ भरलेली जागा सांगतं, त्याला दिसते. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक पडला की आधी हाच संशय घ्यायचा. 'एलएसओएफ +एल१' (अधिकच्या चिन्हापुढचा एल मोठा) ही कमांड नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइल्स दाखवते, आणि कोणत्या प्रोग्रॅमने धरल्यात तेही. त्या एका सर्व्हिसला रीस्टार्ट केलं की जागा परत. पूर्ण मशीन बंद करायची गरज नसते. आणि मुळातला इलाज म्हणजे ती लॉग फाइल इतकी वाढूच कशी दिली, ते बघणं. 'लॉगरोटेट' ठरावीक काळाने लॉग कापून, दाबून, जुने काढून टाकतो. त्याच्या यादीत हा लॉग नसणार.

हेही लॅपटॉपवर होतं. होम डिरेक्टरीत, म्हणजे तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये, 'एफअलोकेट'ने ५ जीबीची फाइल बनवा. 'स्लीप' कमांडला हजार सेकंद झोपायला सांगा आणि ती फाइल इनपुट म्हणून जोडून द्या, म्हणजे स्लीप तिला धरून बसेल. दुसऱ्या टर्मिनलवरून फाइल उडवा. डीएफ बघा. एलएसओएफ बघा. मग स्लीपला मारा आणि पुन्हा डीएफ बघा. तो आकडा खाली आलेला बघताना जे कळतं ते मी कितीही लिहून कळणार नाही. आणि एक पुरवणी: कधी डीएफ -एच ६० टक्केच दाखवतं आणि तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतं. तेव्हा 'डीएफ -आय' द्या. लाखो छोट्या फाइल्स साचून आयनोड, म्हणजे फाइल्सच्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात.

दुसरी गोष्ट परवानग्यांची, थोडक्यात. इंजिनएक्स हा वेबसर्व्हर बसवून आपलं एक पान दाखवायचं ठरवलंत आणि ते पान स्वतःच्या होम डिरेक्टरीत ठेवलंत, तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येईल. नेटवर कुणीतरी लगेच सांगेल, 'सीएचमॉड ७७७ कर'. करू नका. ७७७ म्हणजे मशीनवरच्या प्रत्येकाला वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. अडचण बहुधा फाइलची नसतेच, वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीत वेबसर्व्हरच्या खात्याला पाऊल टाकायची परवानगी नसते. 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ दिला की प्रत्येक पायरीवरची परवानगी एकाखाली एक दिसते, अडलेली पायरी डोळ्यांना सापडते. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सच्या घराण्यात यावर एसईलिनक्स नावाचा आणखी एक पहारा असतो. तिथे परवानग्या बरोबर असूनही नकार येतो, आणि लोक पहाराच बंद करून टाकतात. तुम्ही तसं करू नका, पहाऱ्याच्या खुणा बघणारी 'एलएस -झेड' (झेड मोठा) आणि त्या पूर्ववत करणारी 'रिस्टोअरकॉन' शिका. मला या बाबतीत तडजोड मान्य नाही, कारण घाईत दिलेली ७७७ आणि घाईत बंद केलेला पहारा पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि कधीतरी कुणाचा तरी डेटा त्या वाटेने जातो.

एवढं झाल्यावर मशीनला काहीतरी खरं काम द्या. नुसत्या सरावाच्या मशीनची काळजी वाटत नाही, आणि काळजी वाटल्याशिवाय हे काम अंगात येत नाही. साम्बा हे फाइल्स सामायिक करायचं सॉफ्टवेअर बसवून घरात एक सामायिक फोल्डर करा, मुलीचे फोटो मोबाइलमधून त्यात जाऊ द्या. फोटो मोबाइलमधून काढायचे नाहीत, अजून नाही. मग एक जुनी एक्सटर्नल हार्डडिस्क जोडा आणि रोज रात्री 'आरसिंक' या कॉपी करणाऱ्या कमांडने तिच्यावर प्रत जाईल असं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) लावा. इथे एक बारीक खड्डा आहे. मशीनची वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल, तर क्रॉनमधले पहाटेचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. 'टाइमडेटसीटीएल' बघून घ्या.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं मात्र नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत काय घडलं ते त्यांनीच जगासमोर सविस्तर मांडलंय. रात्री थकलेल्या इंजिनिअरला वाटलं आपण दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर आहोत, होता मुख्य सर्व्हरवर. डेटाची डिरेक्टरी उडवायची कमांड दिली, एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डेटाबेस बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअपच्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नव्हती. अपयशाच्या ईमेल पाठवल्या जात होत्या, पण त्या पोचत नव्हत्या. नशिबाने कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची डेटाची प्रत, होता, त्यावरून कंपनी उभी राहिली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

ती माणसं हुशार होती, साधनं भरपूर होती. परत आणून कुणी बघितलं नव्हतं, एवढंच. म्हणून तुम्ही दर महिन्याला एकदा त्या हार्डडिस्कवरून एक फोल्डर वेगळ्या जागी परत आणा आणि दहा फोटो उघडून बघा. वहीत तारीख टाका. मशीनचं नाव प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या ओळीच्या सुरुवातीला) ठळक दिसेल असंही करून ठेवा, आपण कोणत्या मशीनवर आहोत ते एंटर दाबण्याआधी वाचायची सवय लागते.

लिनक्स की विंडोज? लिनक्सने सुरू करा, कारण ते जुन्या लॅपटॉपवर पूर्ण उघडून शिकता येतं. बऱ्याच कार्यालयांत, बँकांत विंडोज सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी सोय) असते, ते ज्ञान वाया जात नाही. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, पण ती चांगलं मशीन हाताशी आल्यावर.

लिनक्समध्ये नोकरीच्या जाहिरातींत रेड हॅटचं नाव जास्त दिसेल. डेबियनवर हात बसला की तिकडे जाणं अवघड नाही, सॉफ्टवेअर बसवायच्या 'एपीटी'च्या जागी 'डीएनएफ' येतं, काही फाइल्सच्या जागा बदलतात. सरावाला रेड हॅटशी जुळणारं रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स घ्या. ही दोन का जन्मली ते ऐकण्यासारखं आहे. जगभर लोक रेड हॅटशीच जुळणारं सेंटओएस नावाचं फुकट लिनक्स वापरायचे. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ चा पाठिंबा २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच संपणार. ज्यांनी नुकतेच सर्व्हर उभे केले होते त्यांची धावपळ झाली, आणि २०२१ मध्ये ही दोन नवी लिनक्स उभी राहिली. सेंटओएस ७ सुद्धा ३० जून २०२४ ला संपलं. तरी ते चालू असलेली मशीन अजून सापडतात, सुरक्षेचे अपडेट बंद झालेली. कोणत्याही सर्व्हरसमोर बसलात की पहिला प्रश्न हाच: यावर काय चालतंय आणि त्याचा पाठिंबा कधीपर्यंत आहे. आणखी एक, रॉकी १० साठी प्रोसेसर जरा नवा लागतो, भावाच्या लॅपटॉपवर ते बहुधा बसणार नाही. अल्मालिनक्स १० ची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी प्रत मिळते.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. क्लाऊड शिकावंच लागेल. पण ॲमेझॉनच्या मुंबईच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पुण्याच्या डेटासेंटरमध्ये मशीन भाड्याने घेतली तरी आत बहुतेक वेळा हेच लिनक्स असतं, तिचीही डिस्क भरते, तिच्यावरही परवानगी नाकारली जाते. उलट सुरुवातीलाच क्लाऊडवर गेलात तर दोन धोके. एक, खात्याला कार्ड जोडावं लागतं आणि चालू ठेवून विसरलेल्या मशीनचं बिल येतं. दोन, इंटरनेटवर उघडं २२ नंबरचं पोर्ट दिसलं की थोड्याच वेळात जगभरचे प्रोग्रॅम पासवर्डचे अंदाज मारू लागतात. घरी एसएसएचची की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) बनवायला, पासवर्डने लॉगिन बंद करायला शिका. एसएसएचची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बदलल्यावर 'एसएसएचडी -टी'ने ती तपासायची, आणि आधीचं लॉगिन चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलवरून आत येता येतंय का ते बघायचं. हे अंगवळणी पडलं की मग क्लाऊड.

दिरांना सांगा, एआय कमांड लिहून देतो, आणि बऱ्याचदा बरोबर देतो. तुम्हीही वापरा, संदेश समजून घ्यायला तो चांगला मास्तर आहे. नियम एवढाच ठेवा की जी ओळ प्रत्येक खुणेसकट आपल्याला वाचता येत नाही ती डेटा असलेल्या मशीनवर चालवायची नाही. आधी मॅन पान, मग एंटर.

क्लास आणि परीक्षेचं. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा मला आवडते, कारण तिच्यात पर्याय निवडायचे नसतात, खऱ्या मशीनवर काम करून दाखवायचं असतं. ३०० पैकी २१० गुण लागतात. केलेलं काम मशीन रीस्टार्ट झाल्यावरही टिकलं पाहिजे, ही तिची खरी कसोटी. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये एक अक्षर चुकलं तर मशीन नीट उठतच नाही. त्या फाइलला हात लावल्यावर रीस्टार्टच्या आधी 'माउंट -ए' आणि 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' द्यायची सवय आत्ताच लावा. सहा-आठ महिने घरच्या मशीनवर काढा आणि मग ठरवा. तेव्हा गरज वाटली तर फक्त परीक्षेच्या तयारीचा छोटा क्लास करा, आणि शिकवणाऱ्याला आधी विचारा की सराव स्वतःच्या मशीनवर करायला मिळणार की पडद्यावर बघायचा.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या क्षेत्रातली पहिली नोकरी बहुधा एल-वन सपोर्टची असते. पडद्यावर अलर्ट बघायचे, तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) घ्यायची, ठरलेल्या पायऱ्या करायच्या, नाही सुटलं तर वर पाठवायचं. शिफ्ट फिरती असते, रात्रपाळी असते. मुलगी चार वर्षांची आहे. मुलाखतीत रात्रपाळी किती, घरून काम चालतं का, रात्री गाडीची सोय आहे का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका. पुण्याला जायचंच आहे असंही धरू नका. पतसंस्था, दूध संघ, कॉलेजं, दवाखाने, सगळीकडे कोपऱ्यात एक सर्व्हर चालू असतो आणि त्याची नीट काळजी घेणारं माणूस गावात नसतं.

तुमच्या कारखान्यातही तेच दिसतंय. तिथल्या सर्व्हरला परवानगीशिवाय हात लावू नका, बघण्यासाठीसुद्धा लॉगिन करू नका. शेतकऱ्यांच्या बिलाचे आकडे आहेत त्यात. पण हंगाम संपला की यंत्रसामग्रीसारखीच कॉम्प्युटर विभागाचीही देखभाल निघते, पुण्याचा इंजिनिअर एक-दोन दिवस प्रत्यक्ष येतो. त्याआधी विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या की त्या कामाच्या वेळी मला शेजारी बसू द्यावं. तोवर लॅपटॉप तीन-चार महिने चालवलेला असेल, वही भरत आलेली असेल, तर विचारायला प्रश्नही तयार असतील: यावर काय चालतंय, पाठिंबा कधीपर्यंत, बॅकअप कुठे जातो, आणि तो परत आणून शेवटचा कधी बघितला. चौथ्या प्रश्नावर त्याने कागद शोधायला सुरुवात केली तर विभागप्रमुखांना सांगा की दर महिन्याची ती तपासणी मी करेन, त्याची नोंद मी ठेवेन.